शृंगाराच्या खणाची झाडलोट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आज चार शब्द बोलायला सांगितले आणि विषय माझ्यावर सोडला, ही त्यांची चूक. मी विषय सांगितल्यावर त्या थोड्या गप्प झाल्या. विषय आहे माझ्या आरशाच्या टेबलाचा खण. पहिल्या रांगेत हशा पिकणार हे मला ठाऊक होते, तसा तो पिकलाही. पण हसणाऱ्यांनी घरी जाऊन आपापला खण एकदा ओढून पाहावा. तो सहज उघडला, मध्येच काही अडकले नाही, तर मी पुढच्या वर्षी या जागी उभी राहणार नाही.

माझा खण अडकत होता. गेल्या पौषात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या आधी, मला कुंकवाची चांदीची कोयरी हवी होती. खण ओढला तर अर्ध्यावर येऊन थांबला. हात घालून चाचपडले तेव्हा बोटे कशात तरी चिकट बुडाली. शेवटी खण मुळासकट बाहेर काढला आणि सतरंजीवर पालथा केला. मोजदाद केली, ६३ वस्तू भरल्या! आमच्या घरात शृंगार करणारी मी एकटी, आणि तोही लग्नकार्यात. घरचे मालक दारात उभे राहून म्हणाले, "दुकान घालायचा विचार आहे का?" मी उत्तर दिले नाही, कारण त्या ६३ वस्तूंत त्यांनीच आणलेल्या ११ अत्तराच्या बाटल्या होत्या.

माझ्या सासूबाईंची फणेरपेटी अजून माझ्याकडे आहे. सागवानी, झाकणाच्या आत आरसा. तो आता एका कोपऱ्यात काळा पडला आहे. त्या पेटीत पाच वस्तू असत. लाकडी फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळाची डबी आणि केसांचे गंगावन. आधी कपाळावर मेणाचे बोट टेकवायचे, त्यावर कुंकू, आणि मग कडेचे सांडलेले कुंकू पदराच्या टोकाने पुसायचे. तेवढ्यात सकाळचे सगळे आटोपे. काजळ त्या घरी धरीत. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी घालायची, काजळी खरवडायची आणि तुपात खलायची. दर शुक्रवारी पेटी रिकामी करून कोरड्या फडक्याने पुसण्याचा त्यांचा नेम होता. पाच वस्तू पुसायला असा कितीसा वेळ लागणार!

आता कोणी म्हणेल, जुने ते सोने. मी तसे म्हणत नाही. जुने कुंकू हळकुंडाचे असे. लिंबाचा रस आणि टाकणखार यांनी हळद लाल होते, ती वाळवून कुटायची. पण सासूबाईंच्याच उतारवयात बाजारात रंग घातलेली स्वस्त पिंजर आली आणि तिने त्यांच्या कपाळाला खाज सुटून काळा डाग पडला. त्यांनी पिंजर बदलली नाही, डागावर आणखी मोठे कुंकू लावले. डोळ्यांत घालायच्या सुरम्यात तर शिसे असते, तेही काही आजचे नाही. तेव्हा आजीच्या पेटीतले सगळे निर्मळ आणि आपल्या खणातले सगळे विष, असा माझा मुळीच आग्रह नाही.

मग पाचाच्या ६३ झाल्या कशा? हळूहळू झाल्या. मुंबईच्या पाटणवालांचे अफगाण स्नो १९१९ साली निघाले. सासूबाईंच्या थोरल्या जावेकडे त्याची एक निळी बरणी होती आणि ती कुलपात असे. १९५२ साली टाटांच्या तेल गिरणीने लॅक्मे काढली. लक्ष्मीच्याच नावाचे ते फ्रेंच रूप, तेव्हा घरात आल्याबद्दल सासवांनी तक्रार करण्याचे कारण नव्हते, पण त्यांनी ती केली. १९७५ साली फेअर अँड लव्हली आली. तिचे नाव २०२० साली बदलले आणि त्यातला 'फेअर' गेला. नाव गेले, हौस गेली नाही. त्या हौसेबद्दलच मला आज बोलायचे आहे. पण आधी खण.

मी चार सुपे घेतली. खरोखरीची सुपे, धान्य पाखडायची. एकात ठेवायचे, एकात फेकायचे, एकात कोणाला तरी द्यायचे आणि चौथ्यात ज्याचे काय करावे ते कळत नाही असे. पहिल्या तासाला चौथे सूप भरून सांडू लागले आणि पहिल्यात एक कोयरी होती.

दुपारी माझी पुतणसून आली. ती औषधाच्या दुकानात बसते, तिला लेबले वाचायची सवय. तिने मला डबीवरचे एक चित्र दाखवले. झाकण उघडलेली एवढीशी बरणी आणि तिच्यावर ६ किंवा १२ असा आकडा. मी इतकी वर्षे ती कंपनीची खूण समजत होते. उघडल्यापासून किती महिने वापरायचे, त्याचा तो आकडा. डोळ्यांच्या वस्तूंना आयुष्य सर्वांत थोडे. पापण्यांना लावायचा मस्कारा तीन महिन्यांनी काढून टाकावा असे नेत्रवैद्य सांगतात, कारण तोच ब्रश डोळ्याला लावून पुन्हा ओल्या नळीत घालायचा म्हणजे जंतूंना आयते घरच. माझा मस्कारा थोरल्या मुलीच्या लग्नातला होता. नातू यंदा शाळेत जाऊ लागला.

लिपस्टिकचे ओठ लावण्यापूर्वी नाक लावून पाहावे. खवट खोबऱ्याचा वास आला की ती गेली. आपल्या वऱ्हाडात ती लवकर जाते. पुण्यामुंबईच्या बायका पुस्तकात लिहितात, थंड कोरड्या जागी ठेवा. त्यांना एकदा मे महिन्यात अकोल्याला आणून बसवावे. पारा ४५ अंशांच्या वर गेला की आमच्या खणातल्या लिपस्टिकला घाम फुटतो आणि मेण एकीकडे, रंग एकीकडे होतो. म्हणून आरशाचे टेबल पश्चिमेच्या भिंतीला लावू नये आणि उन्हाळ्यापुरते हे सामान घराच्या मधल्या खोलीतल्या मातीच्या माठाशेजारी, पण ओल लागणार नाही असे ठेवावे. हा माझा शोध आहे, पुस्तकातला नाही. नखांचे रंग, पावडरीचे पफ, केसांच्या पिना यांबद्दल काय सांगायचे? दगड झालेले रंग टाकले, पफ धुतले, पिना मोजण्याचा नाद सोडला.

टिकल्यांबद्दल मात्र एक मिनिट. माझ्या आरशाच्या कडेला १७ टिकल्या चिकटवलेल्या होत्या. न्हाणीघराच्या फरशीवर होत्या त्या वेगळ्या. एकच टिकली चार दिवस लावायची ही आपली काटकसर. पण काही टिकल्यांच्या गोंदात एक रसायन असते, त्याने ती बसते तेवढ्याच जागेची कातडी पांढरी पडते. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकापासून हे लिहून ठेवले आहे. तो डाग कोड समजून किती बायकांनी मनाला लावून घेतला असेल! खाज आली, कडेला फिके दिसू लागले, की ती टिकली त्या दिवसापासून बंद करावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

एवढे होईतो चार वाजले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आल्या. फेकायच्या सुपाकडे पाहून म्हणाल्या, "बाई, फेकता कायले? मले द्या न. पोरीले होईन." माझा हात सवयीने पुढे गेला. आपण सगळ्या हेच करतो. आपल्याला नको झाले की ते देतो, आणि वर दिल्याचे समाधान. पण जे मी माझ्या डोळ्यांना लावणार नाही ते त्यांच्या पोरीच्या डोळ्यांना कसे चालेल? मी तसे म्हणाले. त्यावर मावशी हसल्या. "मंग नवं आना," म्हणाल्या. त्यांचे बरोबर होते. द्यायचे सूप मी त्याच क्षणी मोडीत काढले.

त्या बोलण्यातच चौथ्या सुपातली एक डबी त्यांच्या हातात गेली. पांढरी, बसकी, अंगठ्याएवढ्या उंचीची. "हे तं नवीच हाय," त्या म्हणाल्या. झाकण उघडलेले नव्हते. लेबल नव्हते. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. ती डबी मी ओळखली आणि मावशींच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली. त्या बिचाऱ्या घाबरल्या.

आता मला थोडे मागे जायला हवे.

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची एक बातमी वर्तमानपत्रांत आली होती. आपल्यापैकी पुष्कळ जणींनी ती वाचली असेल. कॉलेजात शिकणारी एक मुलगी, तिची आई आणि बहीण, अशा एकाच घरातल्या तिघी गोरे करणारे एकच क्रीम लावीत होत्या. तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. कारण कळेना. शेवटी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्याचा छडा लागला. त्या क्रीममध्ये पारा होता.

मी त्या बातमीचे कात्रण काढले होते. भिशीच्या दिवशी मोठ्याने वाचूनही दाखवले. काय बाई लोक काहीही लावतात, असे म्हणणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

आणि त्याच्या पुढच्याच वर्षी मी दोन डब्या विकत घेतल्या.

माझी धाकटी बहीण अकोल्याला असते. तिची मुलगी, माझी भाची, सावळी आहे. नाकीडोळी नीटस, शिकलेली, नोकरी करणारी. दोन ठिकाणांहून नकार आले. दोन्ही वेळा कारण कोणी तोंडाने सांगितले नाही, पण बहिणीचा फोन आला की आम्ही दोघी ते कारण बोलत होतो. अशात एका ओळखीच्या बाईंनी मला ही डबी दाखवली. त्यांच्या सुनेचा रंग खरोखर उजळलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. त्या म्हणाल्या, लेबल नाही कारण घरगुती आहे, वनस्पतींची आहे. आणि एक सूचना दिली, लावताना अंगठी, बांगड्या काढून ठेवायच्या, सोन्याला लागू द्यायचे नाही. मला वाटले, केवढे गुणाचे क्रीम! कात्रण माझ्या गीतेच्या पोथीत होते. ती बातमी अकोल्याची, ही डबी अमरावतीची, आणि बाई ओळखीच्या. असा मी विचार केला असेही म्हणता येणार नाही. विचार केलाच नाही. एक डबी बसने जाणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर अकोल्याला पाठवली, दुसरी ती संपल्यावर पाठवायची म्हणून खणात टाकली, आणि खणाने ती गिळली.

ती सतरंजीवर माझ्या हातात होती तेव्हा मला भाचीची नाही, त्या अंगठीची आठवण झाली. पुतणसून शेजारीच बसली होती. तिला मी विचारले, सोन्याला का लागू द्यायचे नाही? ती म्हणाली, "मामी, पारा सोन्याला खातो. सोन्याला पारा लागला की ते पांढरं पडतं." सराफाच्या घरची पोरगी ती, तिला हे लहानपणापासून ठाऊक. मला साठी उलटल्यावर कळले.

मी अकोल्याला फोन लावला. भाचीनेच उचलला. मी विचारले, ती डबी लावलीस का? म्हणाली, "लावली ना मावशी. तीन महिने." पुढे सोडून का दिलीस? तर आधी चेहरा उजळला, ऑफिसात सगळ्यांनी विचारले, आणि मग गालांवर आग होऊ लागली, पुरळ आले. बंद केल्यावर होती त्यापेक्षा काळी पडली. मला का सांगितले नाहीस? यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, "तू एवढ्या हौसेने पाठवली होतीस."

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच निघाले. अमरावती ते अकोला शंभर किलोमीटर. मूर्तिजापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर काय पाहिले ते मला आठवत नाही.

डॉक्टरांनी जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपल्या कातडीचा रंग तयार होण्यासाठी शरीरात एक द्रव्य काम करीत असते. पारा त्याचे काम बंद पाडतो, म्हणून रंग उजळतो. लावणे थांबवले की रंग परत येतो, कधी पूर्वीहून गडद. पण पारा नुसता वर राहत नाही, कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडांत साठतो. तिथली चाळणी बिघडली की शरीरातले प्रथिन लघवीवाटे जाऊ लागते. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पायांवर. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात अशा एका विकाराचे २२ रोगी तपासले. त्यांपैकी १५ जणांत एका विशिष्ट प्रकारची खूण सापडली, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे करणारे क्रीम वापरीत होते. पाऱ्याची वाफही होते. लावणारीच्या उशीला, टॉवेलला ते लागते आणि शेजारी झोपलेले मूलही ते श्वासात घेते. बहुतेक रोगी क्रीम थांबवून, उपचार घेऊन सुधारतात, पण ते वेळेवर कळले तर.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे डोळ्यांच्या वस्तू सोडल्यास सौंदर्यप्रसाधनात पारा घालताच येत नाही. नकळत आलाच तर दहा लाखांत एक भाग, त्याहून अधिक नाही. डबीवर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, बॅच नंबर, परवान्याचा नंबर आणि कधीपर्यंत वापरायचे ती तारीख असलीच पाहिजे. पण ज्या डबीला लेबलच नाही तिला कायदा कुठून सापडणार? ती बाईकडून बाईकडे जाते. माझ्यासारख्या मावशा ती पोहोचवतात.

भाचीच्या लघवीची आणि रक्ताची तपासणी झाली. निकालाला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी बहिणीच्या घरी स्वयंपाक केला, कारण हात मोकळे ठेवणे शक्य नव्हते. बहीण माझ्याशी फारसे बोलली नाही. निकाल चांगला आला. प्रथिन नाही, मूत्रपिंडे ठीक. तीन महिन्यांवर थांबली हे तिचे नशीब, असे डॉक्टर म्हणाले. दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचे ठरले आहे.

निघताना मी भाचीची माफी मागितली. वडीलधाऱ्यांनी लहानांची माफी मागायची आपल्यात पद्धत नाही, त्यामुळे शब्द नीट जुळले नाहीत. ती म्हणाली, "मावशी, क्रीमचं काही नाही गं. पण नकार आले तेव्हा मला वाटायचं, निदान तुला तरी मी अशीच आवडते."

भगिनींनो, रुक्मिणीचे माहेर आपल्या जिल्ह्यातले, वर्धेकाठचे कौंडण्यपूर. अंबादेवीच्या दर्शनाला आलेल्या रुक्मिणीला श्रीकृष्णाने इथूनच नेले, ही कथा आपण सगळ्या लहानपणापासून ऐकतो. आपल्या वऱ्हाडच्या लेकीने पसंत केलेला नवरा मेघासारखा सावळा होता, आणि लग्नाआधी त्याला कोणी डबी पाठवल्याचे कुठल्याही पुराणात नाही. हे मी अंबादेवीच्या गाभाऱ्यासमोर किती वेळा हात जोडून उभी राहिले असेन, पण त्या दिवशी परतीच्या गाडीत मला पहिल्यांदा सुचले.

घरी आल्यावर खण पुन्हा भरला. आता त्यात १४ वस्तू आहेत. प्रत्येकीवर मी चिकटपट्टीचा तुकडा लावून उघडल्याचा महिना लिहिला आहे. नातवाने त्याचे पेन दिले. डोळ्यांच्या वस्तू वेगळ्या, ओठांच्या वेगळ्या, म्हणजे हात घातल्याबरोबर सापडतात. क्रीम बोटाने न काढता लहान चमच्याने काढते. तो चमचा नातवाच्या बारशातला. कामाच्या मावशींच्या लेकीला एक लिपस्टिक आणि काजळाची कांडी नवी आणून दिली, दुकानातून, पावतीसकट. पावती त्यांनी मागितली नव्हती, पण लेबल वाचून घ्या म्हणून मी दाखवू लागले तर त्या म्हणाल्या, "आता बाई, मले वाचता येते कुठं? पोरगी वाचीन." पोरीने वाचले.

आणि ती पांढरी डबी? तिच्याबद्दल पुतणसुनेने बजावले होते की मोरीत धुवायची नाही, जाळायची तर मुळीच नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, ती पिशवी झाकणाच्या बाटलीत ठेवून, घरातला धोकादायक कचरा म्हणून महानगरपालिकेच्या गाडीला वेगळी द्यायची. अजून दिलेली नाही. आजच्यासाठी ठेवली होती, ती मी बरोबर आणली आहे. टेबलावर ही काचेची बाटली दिसते आहे ना, तिच्यातच आहे. जवळ येऊन पाहा, हात लावू नका. अशीच डबी आपल्या किंवा लेकीसुनांच्या खणात असेल तर येत्या गुरुवारी मंडळाच्या खोलीत घेऊन या. कोणाकडून घेतली हे कोणी विचारणार नाही. चिटणीसबाईंनी त्यासाठी एक पत्र्याचा डबा ठेवायचे कबूल केले आहे. माझी डबी त्यात पहिली पडेल.

माझे बोलणे लांबले, आतून चहाच्या कपांचा आवाज येतो आहे. मी बसते.